हिमप्रदेशांत व्हिडिओ-कॅमेरा

जत हें गांव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, विजापूरच्या सरहद्दीलगतचें. उन्हाळ्यांत तेथें पारा चाळिशी ओलांडतो, पाऊस बेताचा, आणि हिवाळा एका घोंगडीवर भागणारा. अशा गांवच्या मंडळींपुढें गोठविणाऱ्या थंडीची गोष्ट कशाला, असें कोणी विचारील. पण १९९८ सालीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचले, मे २०१२ मध्यें पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक तेथें जाऊन आले, आणि आज आपल्या घरांतील मुलेंमुली भर जानेवारींत गोठलेल्या झांस्कार नदीवरून चालावयास लडाखास जातात. त्यांच्या हातीं आपण कॅमेरा देतों आणि चित्रांची वाट पाहतों. पुष्कळदां मग कळतें कीं, ऐन वेळीं यंत्र बंद पडलें. असें कां व्हावें?

पहिलें कारण बॅटरी. हल्लींच्या बॅटरींत लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे द्रवांतून प्रवास करतात, तेव्हां वीज मिळते. कडक थंडींत त्या द्रवाचा दाटपणा वाढतो, कणांची चाल मंदावते, आणि उणे २० अंशांवर पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धां पुष्कळदां निम्मेंच काम देते. ती रिती झालेली नसते, केवळ आंखडलेली असते. ऊब मिळतांच पुन्हां चालूं लागते. म्हणून जादा बॅटऱ्या पाठीवरच्या पिशवींत न ठेवतां अंगालगतच्या खिशांत ठेवाव्या व आळीपाळीनें वापराव्या. मात्र गोठणबिंदूखालीं गेलेली बॅटरी तशीच भारावयास लावूं नये. तिच्या आंत लिथियमचा धातुरूप थर सांठतो, ती कायमची बिघडते आणि प्रसंगीं धोक्याचीहि होते. आधीं ती उबेंत आणावी, मग भारावी.

बॅटरी नसलेल्या यंत्रांसहि थंडी बाधत असे. त्यांचें वंगण दाट होई, फिल्म ठिसूळ होऊन तुटे. २९ मे १९५३ रोजीं एडमंड हिलरी यांनीं एव्हरेस्टवर तेनसिंग यांचें जगप्रसिद्ध छायाचित्र घेतलें. तो कॅमेरा त्यांनीं कपड्यांच्या आंत, अंगाच्या उबेंत वर नेला होता. सत्तर वर्षांनंतरहि याहून चांगली युक्ति निघालेली नाहीं.

वाऱ्याविषयीं एक गैरसमज आहे. वारा सुटला म्हणजे आपणांस थंडी अधिक वाटते, कारण तो अंगाची ऊब झपाट्यानें हिरावून नेतो. यंत्र मात्र हवेच्या तपमानाहून खालीं जात नाहीं. वाऱ्यानें तें त्या तपमानास लवकर पोहोंचतें इतकेंच. म्हणून वाऱ्याचें भय यंत्रापेक्षां यंत्र धरणाऱ्या हातास अधिक.

आतां एक विपरीत वाटणारी गोष्ट सांगतों. कॅमेऱ्याचा घात पुष्कळदां थंडींत नव्हे, तर तंबूंत परतल्यावर होतो. बर्फाचें पाणी भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, तसाच थंडगार कॅमेऱ्यास उबदार, दमट हवेंत सुटतो. आणि हें पाणी भिंगाच्या व विजेच्या भागांच्या आंतहि शिरतें. त्यास उपाय सोपा आहे. बाहेर असतांनाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावा, आंतली हवा काढून तोंड बांधावें, मग आंत आणावा. दंव पिशवीवर जमेल, यंत्रावर नव्हे. यंत्र ऊन होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, पिशवी उघडूं नये. दिवसाचीं चित्रें लगेच पाहावयाचीं असतील, तर स्मृतिपत्रिका, म्हणजे मेमरी-कार्ड, बाहेरच काढून घ्यावें.

भिंगावर बर्फाचे कण बसले, तर फुंकर घालूं नये. श्वासांतील वाफ तेथेंच गोठते. मऊ कुंचल्यानें झाडावें. बर्फाचें लख्ख पांढरें दृश्य पाहून कॅमेरा फसतो व सारें करडें उतरवतो. म्हणून प्रकाशाचें प्रमाण एक ते दोन पायऱ्या वाढवावें.

सर्वांत महत्त्वाचें शेवटीं. धातु हातांतील ऊब ओढून घेतो, आणि ओलसर त्वचा त्यास चिकटते. कॅप्टन स्कॉट यांच्या १९१० सालीं निघालेल्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेबरोबर हर्बर्ट पॉन्टिंग हे छायाचित्रकार गेले होते. काम करतांना त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूस लागली ती तेथेंच चिकटून बसली, आणि सोडवितांना तिची कातडी निघाली. तेव्हां जाड हातमोज्याच्या आंत पातळ मोजा घालावा, आणि तिवईच्या पायांस कापडाची पट्टी गुंडाळावी. बोटांची जाणीव गेली किंवा तीं पांढरीं पडलीं, तर त्या क्षणीं चित्रण थांबवावें. हिमदंशानें बोट गमावलेलीं माणसें आहेत. आणि समोर कितीहि सुंदर सूर्योदय असला, तरी त्याची किंमत एवढी मोठी नाहीं.

घरच्या मंडळींनींहि थोडी मदत करावी. जाणाराकडून निघण्यापूर्वीं घरींच जाड मोजे घालून कॅमेऱ्याच्या कळा दाबण्याचा सराव करून घ्यावा, आणि बॅटऱ्यांसाठीं गळ्यांत अडकविण्याजोगी लोकरीची थैली शिवून द्यावी. जतच्या उकाड्यांत मोजे घालून बसणें हास्यास्पद दिसेल खरें. पण जी कळ तेथें सांपडत नाहीं, ती उणे २० अंशांत मुळींच सांपडणार नाहीं.