स्मृतिभ्रंशाची आनुवंशिक तपासणी आणि सीमाभागातील कुटुंबे

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या परिसरात मराठी आणि कन्नड या भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. वार्धक्यातील विस्मरणाविषयी दोन्ही भाषांतील लोकसमजूत एकच आहे. मराठीत 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, तर कन्नडमध्ये 'अरवत्तक्के अरळु मरळु' ही म्हण त्याच अर्थाने रूढ आहे. साठीनंतर बुद्धी मंदावणे हा वयाचा धर्मच, असे मानल्यामुळे घरातील वृद्ध नेहमीची वाट चुकू लागले किंवा मुलांची नावे विसरू लागले, तरी त्यांना वैद्याकडे नेण्याची निकड पुष्कळदा वाटत नाही.

वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या विकारांतून उद्भवणारा रोग होय. त्याचा सर्वांत आढळणारा प्रकार जर्मन वैद्य डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम मांडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

आनुवंशिकतेचा वाटा

हा रोग रक्तातून उतरतो काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. काही मोजक्या घराण्यांत एका जनुकातील दोषामुळे साठीपूर्वीच रोग जडतो. तेथे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. परंतु असे रुग्ण शंभरात एखादाच. इतरांच्या बाबतीत 'एपीओई-४' हा जनुकप्रकार रोगाचा धोका वाढवितो, एवढेच. तो असलेल्या अनेकांना रोग होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. यास्तव लक्षणे नसलेल्या व्यक्तींनी ही तपासणी सरसकट करावी, अशी वैद्यकीय शिफारस नाही.

देशोदेशींचे दृष्टिकोन

अमेरिकेत स्वतःचे भवितव्य जाणणे हा व्यक्तीचा हक्क समजला जातो. तेथे रुग्णांच्या १६२ प्रौढ अपत्यांवर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 'एपीओई'चा निकाल कळल्याने त्यांच्या मनःस्वास्थ्यावर लक्षणीय विपरीत परिणाम झाल्याचे दिसले नाही. तेथील मोठी चिंता विम्याची आहे. २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा व नोकरी यांबाबत संरक्षण दिले. आयुर्विमा त्यातून वगळलेला आहे.

कोलंबियातील अँटिओकिया प्रांतात काही मोठ्या घराण्यांत पंचेचाळिशीच्या सुमारासच विस्मरण सुरू होते. लोक त्यास 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा, म्हणत; कोणी तो शाप मानीत. तेथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या औषधचाचणीत दोषयुक्त जनुक नसलेल्या नातलगांनाही सामावून घेण्यात आले, जेणेकरून केवळ सहभागावरून कोणाचे भवितव्य उघड होऊ नये.

सीमाभागातील प्रश्न

सीमाभागात हा प्रश्न सोयरिकीशी निगडित होतो. स्थळ पाहताना घराण्यात कोणास वेड होते काय, याची चौकशी होते. स्मृतिभ्रंशालाही वेडाच्या सदरात टाकले, तर तपासणीचा कागद मुलीच्या लग्नात अडसर ठरू शकतो. शिवाय मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी विवाह करण्याची चाल काही समाजांत असल्याने माहेर व सासर एकाच रक्ताचे असते. एकाच्या निकालाचा अर्थ दोन्ही घरांत लावला जातो. म्हणून तपासणीचा निर्णय सज्ञान व्यक्तीने स्वतः, समुपदेशनानंतर घ्यावा. न जाणण्याचाही तिला अधिकार आहे. निकाल गुप्त राहावा, आणि विवाहाची अट म्हणून तपासणीची मागणी कोणीही करू नये.

प्रथम काय करावे?

विस्मरण दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. थायरॉइडचा विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव किंवा नैराश्य यांमुळे आलेले विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे नमूद केली. त्यांचा बंदोबस्त झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, एकाकीपणा व बालपणीचे अपुरे शिक्षण ही त्यांपैकी काही होत. तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणी भागाने धूम्रपान हेही त्यांतील एक कारण असल्याचे ध्यानी घ्यावे.

कर्नाटक शासनाने बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने २०२२ मध्ये मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम हाती घेतला आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ व ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामपंचायत सदस्य यांनी ही माहिती दोन्ही भाषांतून घरोघरी पोहोचवावी. वाट चुकणाऱ्या वृद्धास हसण्याऐवजी दवाखान्यात नेले जाईल, तर जनुकाची तपासणी न करताही पुष्कळ कुटुंबांचे हित साधेल.