दोन घड्याळं, एकच पाणी

जुन्या घाटाचं यांत्रिक डायव्हिंग घड्याळ घ्यायचं ठरवलं की हौशी माणूस बहुधा दोन नावांपाशी अडतो: सीकोचं 2020 मध्ये आलेलं एसपीबी143 आणि ट्यूडरचं 2018 मधलं ब्लॅक बे फिफ्टी-एट. पहिल्याचा चेहरा 1965 च्या 62मासवरून घेतलेला. ते जपानचं पहिलं डायव्हिंग घड्याळ, अंटार्क्टिकावरच्या जपानी संशोधन मोहिमेत वापरलं गेलेलं. दुसऱ्याचा चेहरा 1958 च्या ट्यूडरचा, कंपनीचं 200 मीटरपर्यंत टिकणारं ते पहिलं घड्याळ. बाजारात आली तेव्हा ट्यूडरची किंमत सीकोच्या जवळपास तिप्पट होती. या जादा पैशांत नेमकं काय मिळतं?

आधी पाणी पाहू. दोन्ही घड्याळं 200 मीटरची आहेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणानं वाढतो, म्हणजे 200 मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलो. काचेचा व्यास 30 मिलिमीटर धरला, तर तिच्यावर जवळपास 140 किलोंचा भार येतो! तो पेलते जाड सफायर काच. फटी बुजवतात रबराच्या बारीक रिंगा. दाब वाढला की रिंग आपल्या खाचेत आणखी घट्ट दाबली जाते. वेळ लावायची गुंडी दोन्हींत आटे फिरवून आवळायची असते. मूळ 62मासमध्ये ती नुसती आत ढकलायची होती आणि त्याची हमी 150 मीटरचीच होती. डायलभोवतीचं कडं, म्हणजे बुडीचा वेळ मोजायचं बेझल, त्यात दोन्हीकडे फिरायचं. आता ते फक्त उलट्या दिशेनं फिरतं. धक्का लागून सरकलंच, तर पाण्याखाली गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि पाणबुड्या लवकर वर येतो. या साध्या यांत्रिक युक्तीला मी सर्वाधिक मान देतो, आणि ती दोघांतही आहे.

खरा फरक आत, ठोक्यांत आहे. सीकोचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे हिंदकळत घड्याळाची लय धरणारं चाक, तासाला 21,600 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. ट्यूडरचं 28,800, सेकंदाला आठ. ठोके जलद असले की हाताच्या हिसक्यांनी लय कमी बिघडते. ट्यूडरची हेअरस्प्रिंग, म्हणजे या चाकाची बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग, सिलिकॉनची आहे आणि तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. धातूची हेअरस्प्रिंग चुंबकित झाली, तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावतं. मोबाइलच्या स्पीकरमध्ये, बॅगेच्या झाकणात, कुठे ना कुठे चुंबक असतोच, त्यामुळे हा फायदा रोजच्या वापरातला आहे. सीको दिवसाला 25 सेकंद पुढे किंवा 15 सेकंद मागे जाण्याची मुभा ठेवतं. ट्यूडरची मर्यादा चार सेकंद पुढे, दोन मागे. पूर्ण चावी दिली की दोन्ही सुमारे 70 तास चालतात.

मात्र पाण्याखाली हा फरक किती जाणवतो? चाळीस मिनिटांच्या बुडीत दिवसाला 25 सेकंदांची चूक पाऊण सेकंदसुद्धा भरत नाही. डायव्हिंगसाठी महागड्या अचूकतेची गरज नाही. ती लागते महिनाभर पुन्हा वेळ न लावता घड्याळ वापरणाऱ्याला.

अंगलटीचाही विचार करावा. सीको 40.5 मिलिमीटर रुंद आणि 13.2 जाड; ट्यूडर 39 आणि 11.9. जाडीतला हा सुमारे सव्वा मिलिमीटरचा फरक शर्टाच्या बाहीत लगेच कळतो. सीकोत तारीख आहे, ट्यूडरमध्ये नाही. बारीक मनगटाच्या आणि ऑफिसात घड्याळ घालणाऱ्या माणसानं, ऐपत असेल, तर ट्यूडर घ्यावं. ते अधिक सुबक यंत्र आहे. मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानला खरोखर बुडी मारणाऱ्यानं सीको घ्यावं आणि उरलेल्या पैशांत डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं.

घ्याल ते घ्या, पण खाऱ्या पाण्यातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्यानं धुवा. रबराच्या रिंगा वयानुसार कडक होतात आणि घड्याळ उघडलं की पुन्हा नीट बसतीलच असं नाही. त्यामुळे कुठल्याही कारणानं मागचं झाकण उघडलं गेलं, तर दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय ते घड्याळ पुन्हा पाण्यात नेऊ नका.