स्लो न धरणारी गाडी आणि आंबेनळी घाट



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले हाती आली, की आपल्यापैकी बरेच जण पाहुण्यारावळ्यांकडे खाली कोकणात उतरतात. माझी थोरली बहीण महाडला दिलेली. महाबळेश्वरावरून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि तिथून हायवेने महाड, हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. तरी मागे एकदा या घाटात जे झाले ते सांगण्यासारखे आहे.

वाडा कुंभरोशी मागे पडले. पुढच्या एका वळणावर गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन गप्प! मागे एस.टी., पुढे उतार. ब्रेकचा पहिला दाब चांगला लागला, दुसरा जेमतेम, अन् तिसऱ्याला पाय जणू दगडावर ठेवला. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडले की साठलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते. ब्रेक लागतो, पण सगळा भार आपल्या पायावर. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले होते.

गाडी जुनी, पण इंजेक्शनची. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली ती कार्बुरेटरची होती. २००० सालानंतर तिच्यातही इंजेक्शन आले आणि स्क्रू फिरवून स्लो लावायचे दिवस सरले. ते काम आता कॉम्प्युटर करतो. आपली सवय मात्र तीच राहिली. गाडी स्लो धरत नाही म्हणून गावाकडे आधीच एका गॅरेजला दाखवली होती. त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, बिल हातात ठेवले. सपाटीवर गाडी बरी चालली, घाटात मात्र मूळ दुखणे तसेच.

पोलादपूरच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारले, "काका, रेस दिल्यावर बंद पडते का सोडल्यावर?" सोडल्यावर, म्हटले. "मग पंपाचा काय दोष नाय. पेट्रोल कमी पडलं असतं तर चढाला मेली असती. हिला हवा मिळत नाय."

हे नीट समजून घ्यावे. उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्शनची गाडी पेट्रोल जवळजवळ तोडून टाकते, इंजिन चाकांच्या जोरावर फिरते. क्लच दाबला की तो आधार सुटतो. त्या क्षणी पेट्रोल पुन्हा सुरू व्हावे लागते आणि थ्रॉटलची झडप बंद असल्याने बाजूच्या बारीक वाटेने आयडल व्हॉल्व्हला लागेल तेवढी हवा द्यावी लागते. या वाटेत काजळी धरली, व्हॉल्व्ह चिकटला, की हवा उशिरा पोहोचते आणि इंजिन मरते. (पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे आपल्यात आहेत. इंजेक्शनच्या गाडीत त्याने उलट जास्त पेट्रोल जाते, आणि जीव धोक्यात तो वेगळाच.)

मेस्त्रींनी थ्रॉटल बॉडी उतरवली. आत चुलीच्या धुराड्यासारखा काळा चिकट थर! इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदरच्या पाईपने तिथे येते आणि वर्षानुवर्षे बसत जाते. क्लीनरने धुतले, नवे ग्यास्केट टाकले, अर्धा तास गेला. थ्रॉटलच्या अडसराच्या स्क्रूला त्यांनी हात लावला नाही. तो फिरवला की झडप बंद आहे की उघडी हेच कॉम्प्युटरला कळेनासे होते, आणि दुखणे झाकले जाऊन दुसरे उभे राहते. ज्या गॅरेजात पहिला हात त्या स्क्रूकडे जातो तिथून गाडी परत आणावी, असे माझे मत झाले आहे.

बंद न पडता स्लो वरखाली होत असेल, किंवा उगाच वाढलेला असेल, तर कुठेतरी चोरून हवा शिरते का बघावे. रबरी पाईपचा तुकडा कानाला लावून दुसरे टोक जोडाजोडांवरून फिरवले की फुसफुस ऐकू येते. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवावा. आपल्या शेडात उंदरांची काय ददात! व्हॅक्यूमचा पाईप खालच्या अंगाने कुरतडलेला वरून दिसतही नाही. थंड इंजिनाला त्रास आणि गरम झाल्यावर पेट्रोलचा वास, असे असेल तर तापमानाचा सेन्सर बघावा, पण आधी रेडिएटरचे पाणी. पाणी कमी असले तर सेन्सर खोटे सांगतो. बॅटरी काढून जोडली असेल तर थोडा वेळ गाडीला स्लोवर चालू द्यावे, काही गाड्यांना नवे माप शिकावे लागते. आणि महाडकडची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर जुलै २०२१ च्या सावित्रीच्या पुरात ती बुडाली होती का हे विचारून घ्यावे. वायरींच्या कनेक्टरमध्ये शिरलेला गाळ पुढे कधीही त्रास देतो.

राहता राहिले इथेनॉल. ते आपल्याच उसाचे, म्हणून झाकून सांगत नाही. २०२२ साली पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण झाले, २०२५ मध्ये २० टक्के. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि ते पाणी ओढते. जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही, टाकीचा जुना गाळही त्याने सुटतो. म्हणून पाईप आणि फिल्टर तपासत राहावे, अर्ध्या टाकीवर गाडी पावसाळाभर उभी करू नये. पण मेस्त्री दोष सापडला नाही की इथेनॉलचे नाव घेतात, तेव्हा थ्रॉटल उघडून बघितला का, एवढे विचारावे.

आमची गाडी त्यानंतर तीनदा महाडला जाऊन आली. घाटात एकदाही बंद पडली नाही. पाईप मात्र उंदरांनी पुन्हा एकदा खाल्ला.