'तीच स्थिती' म्हणजे कोणती?

बुद्धिबळात असा नियम आहे की, पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली असता खेळाडूस डाव बरोबरीत सोडविण्याची मागणी करता येते. हरत आलेल्या खेळाडूच्या पदरी अर्धा गुण पडतो तो पुष्कळदा याच नियमाने. संगणकासाठी बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्याने 'तीच' या शब्दाचा अर्थ चुकीचा लाविला, तर कुणाच्या तरी हक्काचा अर्धा गुण बुडतो.

खेळ रचणारा प्रथम 'पटस्थिती' नावाचा एक क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, तयार करतो. साच्यातून निघालेली प्रत्येक वस्तू संगणकाच्या स्मृतीत स्वतंत्र जागी राहते. युनिटी या खेळनिर्मितीच्या साधनात सी-शार्प ही भाषा वापरतात. तीत अशा दोन वस्तू समान आहेत काय असे विचारले, तर संगणक एवढेच पाहतो की, दोन्ही नावे स्मृतीतील एकाच जागेकडे बोट दाखवितात की नाही. दहाव्या आणि चौदाव्या खेळीनंतर सर्व सोंगट्या जेथल्या तेथे असल्या, तरी उत्तर येते, 'नाही'. यात यंत्राचा दोष नाही. समानतेचा अर्थ त्यास कोणी सांगितलेलाच नसतो.

तो सांगण्यासाठी सी-शार्पमध्ये २००५ सालापासून 'आय-इक्वेटेबल' नावाचा इंटरफेस आहे. इंटरफेस म्हणजे एक करारपत्रच. त्यावर सही करणारा क्लास 'इक्वल्स' ही क्रिया स्वतः लिहून देण्याचे कबूल करतो. परंतु तीत काय लिहावयाचे, हे करारपत्र सांगत नाही. ते खेळाच्या नियमांनाच विचारावे लागते. माझ्या मते ही व्याख्या आधी कागदावर आपल्या भाषेत लिहून काढावी.

जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, म्हणजे फिडेचा, नियम असा : खेळण्याची पाळी त्याच खेळाडूची हवी, त्याच जातीच्या व रंगाच्या सोंगट्या त्याच घरांत हव्यात आणि दोन्ही बाजूंना शक्य असलेल्या खेळ्याही त्याच हव्यात. पांढऱ्याच्या दोन घोड्यांनी आपसांत जागा बदलल्या, तरी स्थिती तीच! उलट, राजा एक घर पुढे जाऊन परत आला, तर डोळ्यांना पट तोच दिसतो. पण किल्लेकोट करण्याचा हक्क गेलेला असल्यामुळे स्थिती निराळी ठरते.

भूमितीतील एकरूप त्रिकोणांप्रमाणे येथेही तीन अटी पाळाव्या लागतात. वस्तू स्वतःशी समान हवी; अ हा ब शी समान, तर ब हाही अ शी समान हवा; आणि अ=ब, ब=क असल्यास अ=क हवे. 'जवळपास समान' ही कल्पना तिसऱ्या अटीत नापास होते, कारण लहान लहान फरक साचत जातात.

'इक्वल्स'च्या जोडीस 'गेटहॅशकोड' ही क्रियाही लिहावी लागते. टपाल कचेरीतील खण डोळ्यांपुढे आणा. एकाच पत्त्याची पत्रे एकाच खणात पडलीच पाहिजेत. मात्र एका खणातील सर्व पत्रे एकाच पत्त्याची असतात असे नव्हे. संगणकही आधी हॅशच्या अंकावरून खण गाठतो, मग त्यातील वस्तूंशीच 'इक्वल्स'ने तुलना करतो. समान वस्तूंचे अंक भिन्न निघाले, तर तो भलत्याच खणात शोधत बसतो.

या अंकासाठी आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० साली फार सुंदर युक्ती मांडली. सोंगट्यांचे प्रकार १२ आणि घरे ६४, म्हणून ७६८ यादृच्छिक संख्या घ्यावयाच्या. पाळी, किल्लेकोट इत्यादींसाठी आणखी काही. पटावर असलेल्यांच्या संख्या 'एक्स-ऑर' या क्रियेने एकत्र करावयाच्या. या क्रियेत तीच संख्या दोनदा घातली की ती नाहीशी होते. म्हणून घोडा हलला, तर जुन्या घराची संख्या पुन्हा घालून पुसावयाची, नव्या घराची मिळवावयाची आणि पाळी पालटावयाची. सारा पट पुन्हा मोजण्याचे कारण उरत नाही.

मात्र ज्या पटावर खेळ चालू आहे तोच पट खणात ठेवू नये. पुढच्या खेळीने त्याचा अंक बदलतो आणि तो जुन्या खणात असूनही सापडेनासा होतो. प्रत्येक खेळीनंतर त्याची एक प्रत काढावी, तीच खणात ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये.