चेहरा कुणासाठी?

चार्ल्स डार्विनने १८६७ च्या सुमारास जगाच्या कानाकोपऱ्यांत राहणाऱ्या लोकांना सोळा प्रश्नांची एक छापील यादी पाठवली. आश्चर्य वाटलं की तुमच्याकडची माणसं डोळे विस्फारून तोंड उघडतात का? शरमल्यावर चेहरा लाल होतो का, आणि होत असेल तर ती लाली अंगावर कुठवर उतरते? रुसलेली मुलं ओठ पुढे काढतात का? आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष बघून लिहा, अशी ताकीदही सोबत होती. छत्तीस जणांकडून उत्तरं आली. डार्विनच्या माहितगारांपैकी एक होता आपल्या अहमदनगरचा, म्हणजे तेव्हा तिथे राहणारा एच. अर्स्किन नावाचा इंग्रज. त्याने कळवलं की इथून काही खात्रीचा निष्कर्ष काढणं फार कठीण आहे, कारण इथली माणसं युरोपियनांसमोर आपल्या भावना सवयीने लपवतात.

डार्विनने ही अडचण १८७२ च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवली आणि तो पुढे गेला. त्याला हवा होता माणूसजातीचा एकच, सगळीकडे सारखा असणारा चेहरा, आणि नगरने तो द्यायला नकार दिला होता. मला मात्र त्या सगळ्या पत्रव्यवहारात हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते. साहेब समोर असताना कोणती भुवई किती वर न्यायची, हे नगरच्या रयतेला पक्कं ठाऊक होतं. अर्स्किनला भावना दिसल्या नाहीत. पण चेहरा समोरचा माणूस बघून घडतो, हे त्याने नकळत टिपलं.

याच पुस्तकात पुढे कलकत्त्याची एक नोंद आहे. तिथल्या वनस्पती उद्यानात जे. स्कॉट नावाचा अधिकारी होता. झाडं निरखून निरखून त्याची नजर तयार झाली होती, म्हणून डार्विनला त्याच्यावर भरवसा. एका माळ्याची अगदी तरुण बायको आपल्या मरणपंथाला लागलेल्या बाळाला घेऊन बसली होती. स्कॉट झाडांच्या आडून बघत राहिला. भुवयांची आतली टोकं वर गेलेली, कपाळाच्या मधोमध आठ्या, पापण्या जड, तोंड किंचित उघडं, ओठांचे कोपरे खाली ओढलेले, असं सगळं त्याने नीट टिपलं. मग तो आडोशातून बाहेर आला आणि तिच्याशी बोलला. ती दचकली, हमसून हमसून रडू लागली आणि माझ्या बाळाला बरं करा म्हणून विनवू लागली.

डार्विनने या प्रसंगातून भुवया उचलणाऱ्या स्नायूंचा पुरावा घेतला. तो खोटा नाही. पण त्या बाईचं दुःख तर दोन्ही क्षणी तेच होतं. एकटी असताना ते कपाळावर होतं. ज्याच्याकडे मदत मागता येईल असा माणूस दिसल्यावर त्या दुःखाला अश्रू आणि शब्द फुटले. (आडोशाला उभं राहून हे सगळं शांतपणे टिपणाऱ्या स्कॉटच्या मनात काय चाललं होतं, हे विचारायला सोळात प्रश्न नव्हता.)

शंभर वर्षांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन याने डार्विनचाच प्रश्न पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात नेला. तिथल्या फोरे लोकांना तो एखादी छोटी गोष्ट सांगे, उदाहरणार्थ एकाचं मूल मेलं आहे, आणि समोरच्या फोटोंतून त्या माणसाचा चेहरा निवडायला लावी. बहुतेकांनी अपेक्षित तेच चेहरे निवडले. भीती आणि आश्चर्य यांची मात्र गल्लत झाली. तरीही ‘मूळ भावनांचे चेहरे जगभर सारखेच’ हा सिद्धांत या कामावर उभा राहिला आणि पाठ्यपुस्तकांत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत जाऊन बसला.

याच एकमनने वॉलेस फ्रीसनबरोबर केलेला दुसरा प्रयोग शिबिरांत फारसा सांगितला जात नाही. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर येणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. खोलीत कुणी नसताना दोघांचे चेहरे बरेचसे सारखे वेडेवाकडे झाले. संशोधक समोर येऊन बसल्यावर जपानी विद्यार्थ्यांनी किळस हसऱ्या चेहऱ्याखाली झाकली. कुणापुढे काय दाखवायचं याचे नियम प्रत्येक समाज शिकवतो, असा निष्कर्ष निघाला. नगरला तो शंभर वर्षं आधीच निघाला होता.

एकविसाव्या शतकात ‘चेहरे जगभर सारखेच’ ही सिद्धांताची पहिली बाजूही डळमळू लागली. डोळे फाडलेला, तोंड उघडं पडलेला चेहरा युरोप-अमेरिकेत भीतीचा समजतात. पापुआ न्यू गिनीच्याच त्रोब्रियांड बेटांवरच्या मुलांना कार्लोस क्रिवेली आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला, तेव्हा ती म्हणाली, हा माणूस रागावलाय, धमकावतोय. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चौघांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालून डोळे वटारतो हे खरं, पण सरासरी शंभरातल्या तिसाहूनही कमी वेळा. उरलेल्या वेळी तो गप्प बसतो, हसतो, फार गोड बोलतो किंवा भांडी घासायला घेतो. सासुरवास पाहिलेल्या कुणाही बाईला हे सांगायला शास्त्रज्ञ लागले नसते.

म्हणून चेहरा ही निव्वळ स्थानिक बोली आहे, असंही म्हणता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने एकोणपन्नास भाव सांगितले, त्यातले आठ सात्त्विक: घाम, रोमांच, कंप, अश्रू वगैरे, जे मनाच्या तन्मयतेशिवाय निव्वळ कसरतीने आणता येत नाहीत. या परंपरेतले भाव अभिनयाने दाखवणाऱ्या चित्रफिती अहल्या हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी भारतीय आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवल्या. अमेरिकनांनाही त्यातले बरेच ओळखता आले. दुसरीकडे, चूक झाल्यावर पटकन जीभ चावणं हे ओडिशातल्या लोकांनी ओशाळल्याची खूण म्हणून ओळखलं, अमेरिकनांना ते तसं उमगलं नाही. आपल्याकडे बालवाडीतलं पोरही ओळखेल.

कुणापुढे काय दाखवायचं याचे नियम पाळायची किंमत असते, आणि ती नुसती पाळणाऱ्याला पडत नाही. एमिली बटलर आणि जेम्स ग्रॉस यांच्या गटाने २००३ मध्ये एकमेकींना अनोळखी असलेल्या बायकांच्या जोड्या केल्या, एक उदास करणारी चित्रफीत दाखवली आणि तिच्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दुसरीला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण तिचा रक्तदाब वाढला. घरात कुणी राग गिळून बसलं की बाकीच्यांना घास उतरत नाही, त्याचं हे प्रयोगशाळेतलं रूप. मात्र त्याच गटाच्या नंतरच्या अभ्यासात, आशियाई मूल्यं मानणाऱ्या बायकांमध्ये भावना दाबण्याचे दुष्परिणाम कमी दिसले. ज्या घरात सगळेच मोजून दाखवतात, तिथे न दाखवणं म्हणजे दार लावून घेणं ठरत नाही. त्यामुळे ‘मोकळं व्हा, व्यक्त व्हा’ हा सल्ला सरसकट वाटणाऱ्यांनी जरा थांबावं, असं मला वाटतं.

हे सगळं अभ्यासकांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण चेहऱ्यावरून मन वाचू, असा दावा आता सुरक्षा अधिकारी आणि यंत्रंही करतात. अमेरिकेच्या विमानतळांवर हावभावांवरून संशयित हेरायच्या कार्यक्रमावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. तो चालतो याचा पुरावाच नाही, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये सांगितलं. लखनौ पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की रस्त्यात छेड काढली जात असलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा त्रास कॅमेरे ओळखतील आणि जवळच्या चौकीला कळवतील. हेतू चांगला. पण मागे कुणी लागलं तर चेहरा कोरा ठेवायचा, मान खाली घालून झपाझप चालायचं, हेच मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याला काय दिसणार? युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत अशा यंत्रांना बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद ठेवला.

मग समोरच्याचं मन कळायचं कसं? त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं आपल्याला शाळेपासून सांगतात. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी पंचवीस प्रयोगांत हे तपासलं आणि २०१८ मध्ये निकाल मांडला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून अंदाज अधिक अचूक झाले, असं दिसलं नाही. प्रत्यक्ष विचारून घेतलं तेव्हा मात्र अचूकता वाढली.

विचारणं ही गोष्ट आपण वाटते तितकी करत नाही, आणि करतो तेव्हा भलत्या वेळी करतो. चारचौघांत, जेवणाच्या ताटावर, तोंडाकडे रोखून बघत ‘काय झालं?’ म्हटलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, कारण ते ऐकणाऱ्या चारही जणांसाठी द्यायचं असतं. तोच प्रश्न भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, रात्री दिवे मालवल्यावर विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं. समुपदेशकांना हे ठाऊक असतं. कोण समोर बसलंय यावर काय बोललं जाईल ते ठरतं, म्हणून ते सोबत आलेल्या नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतात. तेवढ्याने नातेवाइकांचा पापड मोडतो. आमच्यासमोर न बोलण्यासारखं असं आहे तरी काय, हा प्रश्न मग बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना विचारला जातो.