पाच काळ्यांत पाच राग

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पियानो शिकायचं काढलं की घरातले आधी त्याच्याकडे बघतात, मग दिवाणखान्यातल्या जागेकडे. बघू द्या. परीक्षा द्यायची नसेल आणि कुणाला ऐकवायचंही नसेल, तर ८८ पट्ट्यांमधल्या ५२ पांढऱ्यांना बोट न लावताही संध्याकाळ मजेत जाते.

सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच. काळी एकला सा माना आणि फक्त काळ्यांवरून चढा-उतरा, दुर्गाचे सूर मिळतात. काळी दोनला सा मानलं की धानी. काळी तीनवर भूप, काळी चारवर मधमाद सारंग आणि काळी पाचवर चक्क मालकंस! पट्ट्या त्याच, फक्त सा घर बदलतो. मूर्च्छनेचा हा आपल्याकडचा जुनाच खेळ. पियानोवर मींड नाही, सूरही समान अंतरावर ठोकून बसवलेले, त्यामुळे हाती येतो तो रागाचा सांगाडा. जाणकार नाक मुरडतील. पण डिजिटल पियानोला हेडफोन लावून बसलेल्याला जाणकार ऐकू कुठे येतात?

काळ्यांवरच निभावून नेणं कमीपणाचं वाटत असेल, तर अर्विंग बर्लिन आठवा. ‘व्हाइट ख्रिसमस’चा हा कर्ता. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं आणि तो वाजवायचा मुख्यतः एफ शार्पमध्ये, म्हणजे आपल्या काळी तीनमध्ये. दुसरी पट्टी हवी असली तर? त्याच्या खास पियानोला एक दांडा होता. तो सरकवला की बोटं जुन्याच जागी आणि सूर नव्या पट्टीत. गिअर बदलल्यासारखंच हे, म्हणून की काय, पियानोला त्याने ‘बुइक’ असं मोटारीचं नाव ठेवलं होतं. आता साध्या कीबोर्डवरही हे काम एक बटण करतं.

लहानपणी पेटी शिकलेल्यांना सुरुवातीला वाटतं, आपलं अर्धं काम झालं. झालेलं असतं, पण उजव्याच हाताचं! डाव्याने जन्मभर भाता मारलेला. त्याला एकदम सूर वाजवायला सांगितले की तो बिचकतो.

वेळ नाही ही सबब मात्र ॲलन रसब्रिजर यांनी निकालात काढली आहे. ‘गार्डियन’सारख्या दैनिकाचे तेव्हाचे संपादक, त्यातून विकिलीक्सची धामधूम, तरी रोज वीसेक मिनिटं काढून ते शोपँचा पहिला बलाड शिकले. भलता अवघड तुकडा. ठरवलं होतं वर्षभराचं, लागलं त्याहून जास्त, आणि त्यावर २०१३ साली पुस्तकही झालं.

रसब्रिजर यांच्याइतकी चिकाटी नसेल, तर एकच ओळ घोळवत बसा. एरिक सातीने एक छोटीशी रचना ८४० वेळा वाजवण्याची सूचना लिहून ठेवली होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजने वादकांची फौज पाळीपाळीने बसवून ती खरोखर पार पाडली. अठरा तासांहून जास्त लागले. तिकीट पाच डॉलर. ऐकलेल्या दर वीस मिनिटांमागे पाच सेंट परत. तुमचा सराव ऐकणाऱ्या घरच्यांसाठी ही योजना विचारात घ्यायला हरकत नाही.

हेडफोनची सोय नसलेल्या उभ्या पियानोत बहुधा मधलं पेडल असतं शेजारधर्माचं. ते दाबलं की हातोडे आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी येते, आवाज दबतो.

आणि ‘फ्युर एलिझे’? प्रत्येक नवशिक्याला तीच वाजवायची असते. ती रचणारा बेटहोव्हन गेला १८२७ मध्ये, ती छापली गेली १८६७ मध्ये. तैवानमध्ये ही धून वाजवत कचऱ्याची गाडी येते आणि लोक पिशव्या घेऊन खाली धावतात. तेव्हा तिकडचा कुणी पाहुणा तुमचं वादन ऐकून ओला-सुका कचरा घेऊन दारात उभा राहिला, तर रागावू नका. धून ओळखू आली ना!