बिबट्याच्या वाटेवर कॅमेऱ्यांचे जाळे

नाशिक शहराच्या दक्षिण भागातील इंदिरानगरपासून मुंबई-आग्रा महामार्ग जवळच आहे. त्यापुढे पांडवलेणी ज्यात कोरली आहेत तो त्रिरश्मी डोंगर आणि पाथर्डीच्या अंगाला वालदेवी नदीकाठची शेते लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंदिरानगरलगतच्या गोविंदनगरात आणि सिडकोतील सावतानगरात एकाच दिवशी बिबटे आढळले व ते पकडण्यात आले. अशा प्रसंगी बिबट्याला आवरण्यापेक्षा बघ्यांची गर्दी आवरणे अधिक कठीण होऊन बसते. जनावर शेताच्या बांधावर असतानाच वार्ता मिळावी, या दृष्टीने मोबाइल जाळ्याला जोडलेला ट्रॅप कॅमेरा उपयुक्त ठरतो.

परदेशांत हे कॅमेरे मोठ्या प्रमाणावर शिकारीच्या रानात सावजाचा माग काढण्यासाठी विकले जातात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस मनाई असून, आमिष दाखविणे व हाका घालणे यांचाही ‘शिकार’ या संज्ञेत समावेश होतो. सबब, चांगले छायाचित्र मिळावे म्हणून कॅमेऱ्यापुढे शेळी किंवा कोंबडी बांधण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. वनजमिनीवर कॅमेरा लावावयाचा असेल तर वन विभागाची अनुमती प्रथम घ्यावी.

या यंत्राची रचना साधी आहे. सभोवतालच्या तापमानाहून वेगळ्या तापमानाची वस्तू समोरून हलली की त्यातील संवेदक जागा होतो आणि छायाचित्र निघते. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ते कृष्णधवल येते. सीमकार्ड असलेला कॅमेरा हे छायाचित्र नेमून दिलेल्या मोबाइलवर धाडतो. नाल्यात किंवा डोंगराच्या आडोशाला जेथे मोबाइलचा संकेत पोहोचत नाही, तेथे निराळी योजना करावी लागते. आतील कॅमेरे बिनतारी लहरींनी एकमेकांकडे छायाचित्र पोहोचवतात आणि उंचावरील एकच सीमधारक कॅमेरा ते पुढे पाठवतो. अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे. अमेरिकेतील पट्ट्यावर चालणारे संच स्वस्त मिळाले तरी ते येथे उपयोगाचे नाहीत. खरेदीपूर्वी हे अवश्य तपासावे.

जागेची निवड हे खरे कसबाचे काम. बिबट्या शक्यतो काट्याकुट्यांतून जात नाही. पाणंद, पाटाची कड, नाल्याकाठची पायवाट अशा मळलेल्या वाटाच तो धरतो. ठसे दिसतील तेथे, गुडघ्याच्या उंचीवर आणि वाटेपासून तीन-चार मीटरवर कॅमेरा बांधावा. त्याचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नसावे, अन्यथा उगवतामावळता सूर्यच त्याला चाळवतो. उसाची पाती भिंगापुढे डोलू लागली तर एका रात्रीत शेकडो निरर्थक चित्रे येतात आणि बॅटरी संपते. म्हणून समोरचे गवत व पाचट काढून टाकावे.

शक्य असल्यास वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे असावेत. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी स्वतंत्र असते आणि डाव्या-उजव्या कुशीवर ती सारखी नसते. गावात ‘चार बिबटे फिरतात’ असा बोभाटा होतो, तेव्हा तो एकच बिबट्या चार ठिकाणी दिसलेला असू शकतो. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अशाच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेतीवस्तीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. तेथे त्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा मोठा होता.

मात्र बिबट्याचे चित्र आले म्हणजे लगेच पिंजऱ्याची मागणी करावी, असे नव्हे. जुन्नर वन विभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने अन्यत्र सोडण्यास प्रारंभ झाल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये, हे प्रमाण वर्षाला सतरावर गेले. म्हणून चित्र थेट साऱ्या गावाच्या मोबाइल गटावर न टाकता वनरक्षक, पोलीस पाटील आणि एखाद-दुसरा जबाबदार सदस्य यांच्याकडेच यावे. पहाटे पाणी धरायला जाणारे शेतकरी व शाळेची वाट तुडवणारी मुले यांना कोणी आणि कसे कळवावयाचे, हे कॅमेरा बांधण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्रत्यक्ष संकटात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहेच.

कॅमेऱ्यात माणसेही टिपली जातात. पाणवठा, घराचे दार, स्त्रियांची जाण्यायेण्याची जागा यांकडे त्याचे तोंड नसावे; तेथे फलक लावावा आणि माणसांची चित्रे पुसून टाकावीत.

कॅमेरा काही मीटरांपलीकडचे पाहत नाही. रात्रभर संदेश आला नाही म्हणून बिबट्या नव्हता, असे समजून अंगणात निजणे धोक्याचे आहे. बसविल्यावर आठवडाभर रोज सायंकाळी एकाने त्याच्यासमोरून चालत जावे आणि संदेश किती वेळाने पोहोचतो, याची नोंद ठेवावी. पावसाळ्यात भिंगावर दमट थर धरतो, पेटीत मुंग्या शिरतात. सीमच्या रिचार्जची तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. ती चुकली की कॅमेरा जागचा हलत नाही, दिसतो तसाच दिसतो, पण संदेश मात्र पाठवीत नाही.